ओव्हनची पूजा

मखमलाबाद, नाशिक
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय मनीषा हिला छायाताईचा आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे खाऊन-पिऊन बरे आहोत. तिकडे दिंडोरीला तू, निकिता, तुझे वाल्मीकदादा आणि वहिनी कसे आहात ते कळायला मार्ग नाही, म्हणून कागदावर विचारते. फोन करून बघितला. चार वेळा. लागतच नाही. हर्षाली म्हणाली, "आई, मनीषाकाकूंनी तुम्हाला ब्लॉक केलंय." बरं केलंस. मग म्हटलं, पत्र लिहावं. पत्र फाडून टाकता येतं, पण फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतंच. दहावीच्या पेपरानंतर एवढं पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

थंडी यंदा मरणाची पडलीय. पहाटे शेवंती तोडताना बोटं बधिर होतात. सासूबाईंचे गुडघे धरलेत, पण तोंड चालू आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. तुझे भाऊजी आहेत तस्सेच. फुलांचे क्रेट घेऊन पहाटे मार्केटला जातात आणि आल्यावर पेपर तोंडावर घेऊन घोरतात. ललितला अंबडच्या कंपनीत कायम केलं. त्याच्या बायकोला, हर्षालीला, तू लग्नात पाहिलंच आहेस. पोरगी कामाला वाघ आहे, फक्त प्रत्येक गोष्टीला "का" आणि "कशावरून" विचारते. सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. म्हटलं, ही सून आहे का वकील! आता वाटतं, या घरात एखादं "कशावरून" विचारणारं माणूस आधीच यायला पाहिजे होतं.

बरं, मुख्य बातमी. आधी खाली बस. आपला ओव्हन चालू झाला.

हो, तोच. सव्वा वर्ष कोपऱ्यात चादर पांघरून पडलेला. त्याच्यावर मी फुलांच्या पाट्या रचून ठेवत होते. संक्रांतीच्या आधी घर आवरायला काढलं तेव्हा हर्षालीला म्हटलं, भंगारवाल्याला हाक मार, ही धोंड एकदाची जाऊ दे घरातनं. तर ही विचारते, "आई, याला नक्की झालंय काय?" म्हटलं, जळालाय. "कशावरून?" म्हटलं, मेकॅनिक म्हणाला. "त्याने उघडून बघितला होता का?"

आता काय सांगू? नव्हताच बघितला.

मग तिने ओढणी कमरेला बांधली आणि त्याच्यापुढे मांडी ठोकून बसली. आधी ओव्हन लावतो त्या सॉकेटला इस्त्री लावून बघितली. इस्त्री तापली, म्हणजे सॉकेट धड आहे. मीटरशेजारच्या पेटीतलं ओव्हनचं बटण खाली पाडून परत वर केलं. वायर हाताने चाचपली, कुठे जळकी आहे का म्हणून वास घेतला. दार उघडून परत गच्च लावलं. मग पिन घातली. आतला दिवा लागला. वरच्या काचेत ते हिरवे आकडे आले. शून्य-शून्य, शून्य-शून्य. लुकलुक लुकलुक. तुला आठवत असेल. नॉब फिरवला, बटणं दाबली, तर ना पंखा ना ऊब.

मी म्हटलं, "बघितलंस? मेलाय तो." ती म्हणाली, "मेला असता तर लुकलुकला कशाला असता? हा काहीतरी मागतोय आपल्याकडे. याच्याबरोबर पुस्तक आलं असेल ना?"

पुस्तक! अगं, ते पुस्तक कुठे सापडलं माहितीये? देव्हाऱ्याखालच्या खणात, पोथ्यांच्या खाली. दसऱ्याला पाटावर वह्या-पुस्तकं मांडतात, तसं आपण ते पुस्तक आणि वॉरंटीचा कागद ओव्हनपुढे पूजेला मांडला होता. पूजा उचलताना मीच ते उचललं आणि पाय लागू नये म्हणून पोथ्यांबरोबर आत ठेवून दिलं. रोज मी त्या खणातून वाती काढते. सव्वा वर्ष रोज माझा हात त्याला लागत होता. वरची प्लास्टिकची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. पिशवीवर कुंकवाची दोन बोटं होती, तुझी.

हर्षालीने उभ्या-उभ्या वाचून काढलं. कुठल्यातरी मधल्या पानावर चौकटीत छापलंय की, लाईट दोन-चार मिनिटं गेली तर चालतं, पण जास्त वेळ गेली की याचं घड्याळ पुसलं जातं, आणि घड्याळ परत लावल्याशिवाय ओव्हन तापत नाही. झालं, एवढंच. दोन बटणं एकदम दाबून धरायची, अधिक-उणे करून वेळ लावायची आणि सोडून द्यायचं. तिने भिंतीवरच्या घड्याळात बघून अकरा वीस लावले आणि नॉब फिरवला. पंखा घुमायला लागला. पाच मिनिटांनी दाराच्या काचेला बोट लावलं तर चटका बसला मला.

हर्षाली टाळ्या पिटत नाचायला लागली. मी फरशीवर बसले आणि ढसाढसा रडले. ती म्हणाली, "अहो आई, एवढा आनंद!" मी म्हटलं, हो गं, आनंदच.

दुसरी आनंदाची गोष्ट म्हणजे गुरुवारी निकिताचा फोन आला होता. नवरा मुलगा अश्विन चांगला आहे म्हणे, बोलायला शांत. दोन फेब्रुवारीला हळद आणि तीनला लग्न, असं सांगितलं. म्हणाली, "काकू, पहिली हळद तुम्हीच लावायची." मी म्हटलं, लावीन की! आपलीच लेक. पैठणी उन्हात घालून ठेवलीय. बाकी भेटीत बोलूच.

थांबते, दूध उतू चाललंय.


सोमवार, २० जानेवारी

काल लिहिलेलं आज पाकिटात घालायच्या आधी वाचून बघितलं. काय गोड लिहिलंय गं मी! वाचणाऱ्याला वाटेल, दोघी जावा, एक ओव्हन बिघडला, एक ओव्हन सुधारला, आता लग्नात गळ्यात गळे घालायचे. जे लिहायला बसले होते तेवढं सोडून बाकी सगळं लिहिलं. सवय, दुसरं काय! तुझ्या भाऊजींनी विचारलं होतं, मनीषा का गेली, तर त्यांनाही मी म्हटलं होतं, हवापालट.

आता नीट लिहिते. तुला सगळं माहीतच आहे, तू तिथेच होतीस. पण मी हे अजून कोणापुढे बोललेले नाही.

आपल्या गल्लीच्या टोकाची बेकरी बंद झाली आणि दिवाळीला घरचं सामान देऊन नानकटाई भाजून आणायची बायकांची सोय गेली. तेव्हा तूच म्हणालीस, "ताई, आपण ओव्हन घेऊ आणि आपणच भाजून देऊ." महेशभाऊजींना जाऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती. तोपर्यंत तू घरात असून नसल्यासारखी होतीस. विचारलं तर बोलायचीस, वाढलं तर जेवायचीस. ओव्हन आला, कंपनीच्या माणसाने लावून चालू करून दाखवला आणि तू गुणगुणायला लागलीस. मी मळ्यातून आले की तुझं गुणगुणणं पडवीत ऐकू यायचं, आणि मी मुद्दाम चपला न वाजवता उभी राहायचे. दसऱ्यापर्यंत तेवीस घरांचा रवा, मैदा, पिठीसाखर, तूप येऊन पडलं होतं. प्रत्येक पिशवीवर तुझ्या अक्षरात नावाची चिठ्ठी होती.

दसऱ्याच्या सकाळी तू पूजेचं ताट माझ्यापुढे धरलंस. "ताई, तुम्ही करा." मी ताट तुझ्याकडे ढकललं. म्हटलं, "ओव्हन तुझा, पूजा तू कर. असले बुरसटलेले विचार माझ्या घरात चालायचे नाहीत." किती मोठी वाटले होते मी मला! महेशभाऊजींच्या तेराव्याला तुझ्या कपाळाला टिकली लावणारीपण मीच. महिला मंडळात त्याच्यावर माझं भाषण झालं, शाल मिळाली, फोटो पेपरात आला. तो फोटो मी फ्रेम करून लावला होता. सकाळी काढून ठेवला, भिंतीवर चौकोनी डाग राहिलाय.

तू घाबरत-घाबरत फुलाने पाणी शिंपडलंस, समोरच्या काचेवर हळदी-कुंकवाची बोटं ओढलीस, आपल्या मळ्यातल्या झेंडूचा हार घातलास. आणि हसलीस. ते हसणं मी पाहिलं होतं. तरीसुद्धा पुढचं बोलले.

दुपारी डीपीवर जाळ झाला. बल्ब आधी डोळे दिपतील असे पेटले, मग मिणमिणले, मग गेलेच. शेजारच्या कुसाबाईंचा टीव्ही गेला, पलीकडच्यांचा फ्रिज गेला, कोणाचा पंखा, कोणाची मोटर. अख्ख्या गल्लीत बोंब उठली. संध्याकाळी सातला कुठे लाईट आली. पण पूजेच्या दिवशी यंत्र चालवायचं नसतं, त्याला विसावा द्यायचा असतो, म्हणून आपण ओव्हन लावून बघितलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला ट्रे आत घालायला गेलो तर शून्य-शून्य.

आता मला सांग, गल्लीत ज्याचं त्याचं जे काही गेलं ते लाईटने गेलं. कुसाबाईंचा टीव्ही लाईटने, पलीकडच्यांचा फ्रिज लाईटने. मग आपलाच ओव्हन तेवढा पूजेने कसा गेला? एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. हर्षाली असती तर पहिल्या फटक्यात म्हणाली असती.

मेकॅनिक आला. त्याला वीस ठिकाणी जायचं होतं. त्याने टॉर्च मारली, बटणांच्या पट्टीवर हळदीचा वाळलेला ओघळ बघितला आणि म्हणाला, "पाणी शिरलंय आत. कार्ड गेलं. आता दिवाळीनंतरच बघू. पूजा कोणी केली होती?"

तू म्हणालीस, "मी." आणि पदराने तो ओघळ पुसायला पुढे झालीस.

मनीषा, इथे मी तीनदा पेन खाली ठेवलं. चहा केला, प्यायले. आता लिहिते.

मी म्हणाले, "लांब हो! पांढऱ्या कपाळाने हळदी-कुंकवाला हात घातल्यावर दुसरं काय होणार? जिथे तुझा हात लागतो तिथे वाटोळं. महेशभाऊजी गेले तेव्हाच मी ओळखायला पाहिजे होतं."

असं म्हणाले मी. शब्दाला शब्द. एकही शब्द विसरलेले नाही. तेव्हा तुझ्या कपाळावर टिकली होती. मीच लावलेली.

मेकॅनिक खाली बघून स्क्रूड्रायव्हर शोधायला लागला. दारात कुसाबाई उभ्या होत्या. आणि ओट्यापाशी सासूबाई होत्या. सासूबाई, मनीषा! त्यांचं कपाळ तरी कुठे भरलेलं आहे? मामंजींना जाऊन वीस वर्षं झाली. मी एक वाक्य बोलले आणि घरातल्या दोन बायकांच्या काळजात सुरी घातली. तेव्हापासून सासूबाई देवाची फुलं माझ्या हातात देत नाहीत. परडी उंबऱ्यावर ठेवतात आणि निघून जातात. मला वाटायचं, गुडघ्यामुळे आत येत नसतील.

तू भांडायला पाहिजे होतंस गं. माझ्या झिंज्या उपटायला पाहिजे होत्यास. माझी जीभ तुला काय नवी होती का? वीस-बावीस वर्षं तू मला जशास तसं बोलायचीस, मीठ जास्त झालं तरी तोंडावर सांगायचीस. पण त्या दिवशी तू मोरीत गेलीस आणि साबण लावून हात धुतलेस. बाहेर आलीस, हाताकडे बघितलंस, परत आत जाऊन धुतलेस. मग तेवीसच्या तेवीस पिशव्या ज्याच्या त्याच्या घरी पोचवून आलीस. एका बाईनेसुद्धा म्हटलं नाही की माझं तूप कमी आलं. तिसऱ्या दिवशी निकिताला घेऊन निघालीस. "दादाकडे थोडे दिवस राहून येते," म्हणालीस. मी भाकरी थापत होते. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, जाईल कुठे, आठवड्याभरात येईल.

आठवडा गेला, दिवाळी गेली. माफी मागायला दिंडोरी काय लांब आहे? पाऊण तासाचा रस्ता. त्या रस्त्याने मी दोनदा कोणाकोणाच्या साखरपुड्याला गेले आणि वाल्मीकदादांच्या गल्लीवरून सरळ पुढे आले. लोक सांगायचे, मनीषा द्राक्षाच्या शेडमध्ये पॅकिंगला जाते, उभ्याने काम आहे, पाय सुजतात. मी म्हणायचे, हो का.

आणि ललितची हळद. बोलावलं म्हणून तू आलीस, ते तुझं मोठेपण. मांडवाच्या खांबाला टेकून उभी होतीस, दोन्ही हात पदरात गुंडाळून. मी पहाटे मार्केटला जायचे तेव्हा या पोराला तू न्हाऊ-माखू घालायचीस. तो पाटावर बसल्या-बसल्या मला म्हणाला, "आई, काकू कुठाय?" मी म्हटलं, "आहे तिकडे, तू गाल पुढे कर." तुला पुढे आणायला मला पाच पावलं चालावी लागली असती. मी नाही चालले. चार बायका बघत होत्या ना! अक्षता पडल्या आणि तू न जेवता निघून गेलीस.

आता गुरुवारच्या फोनबद्दल काल जे गाळलं ते लिहिते. निकिता म्हणाली, "काकू, मी आईलाच म्हटलं होतं पहिली हळद तू लाव. ती तयारच होत नाही. म्हणते, माझ्या हाताला यश नाही, मी एकदा अनुभव घेतलाय, पोरीच्या जन्माशी खेळ नको. छायाताईंना बोलव, त्यांचा हात चांगला आहे."

मी चाचरत विचारलं, "निकिता, तुझ्या आईने कधी सांगितलं का, आमचं कशावरून बिनसलं?" म्हणाली, "नाही हो. मी कितीदा खोदून विचारलं. ती एवढंच म्हणते, एका ओट्यावर दोघी म्हटल्यावर व्हायचंच थोडंफार."

म्हणजे सव्वा वर्ष तू माझं पाप झाकून ठेवलंस. पोटच्या पोरीलाही सांगितलं नाहीस. आणि मी जे बरळले ते मात्र खरं मानून बसलीस. अगं, खरं मानायला दुसरं काही नाही मिळालं तुला? मी आयुष्यात शंभर शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या असतील, त्यातली एक तू ऐकली नाहीस. हीच बरी ऐकलीस.

तू म्हणशील, ताईंना ओव्हन सुधारल्यावर उपरती झाली. तेच तर. हीच माझी खरी लाज आहे. समजा हर्षालीला ते पुस्तक सापडलं नसतं, समजा ओव्हन भंगारात गेला असता, तर मी हे पत्र लिहिलं असतं का? नसतं लिहिलं. पैठणी नेसून आले असते, पाच बायकांत पुढे होऊन तुझ्या पोरीला हळद लावली असती आणि तू मागे उभी राहिली असतीस. अगं, खरोखर पाणी जाऊन तो ओव्हन जळून कोळसा झाला असता, तरी त्याचा तुझ्या कपाळाशी काय संबंध होता? पाणी माझ्याही हातून सांडलं असतं. मग कोणी म्हणालं असतं का की सवाष्णीच्या हाताने ओव्हन जळाला? हे कळायला मला यंत्र चालू व्हावं लागलं. चौपन्न वर्षांची घोडी झाले मी.

माफी मागत नाही. कारण मागितली की तू देऊन टाकशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. "जाऊ द्या ताई" म्हणशील आणि हात पदरात गुंडाळून परत खांबाला टेकशील. मला ते नकोय.

ओव्हन तुझा आहे. सांगशील त्या दिवशी टेम्पोत घालून पाठवते. पुस्तकपण बरोबर देते. आणि नको असेल तर इथेच राहू दे, त्याच्यावर पाट्या ठेवणार नाही.


मंगळवार, २१ जानेवारी

पत्र काल संध्याकाळीच टाकणार होते. बरं झालं टाकलं नाही.

आज सकाळी निकिताला फोन लावला. ती अंबडला कामावर निघाली होती, बसमध्ये होती. म्हटलं, उतरल्यावर कर, मला उभं राहून ऐकणारं माणूस पाहिजे. तिने उतरून फोन केला. "काय झालं काकू, सगळे बरे आहेत ना?" मी सगळं सांगितलं. जे वर लिहिलंय ते, त्याच शब्दांत. मऊ करून नाही सांगितलं. घड्याळाचंही सांगितलं.

मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मग म्हणाली, "काकू, तुम्ही आईला हे बोललात?" म्हटलं, हो. "आणि मी तुम्हालाच पहिली हळद लावायला बोलावलं." म्हटलं, हो. "आणि तुम्ही हो म्हणालात." म्हटलं, हो, तेही.

मग म्हणाली, "तुम्ही येऊ नका. आजीला पाठवा, काकांना पाठवा, ललितदादा-वहिनींना पाठवा. तुम्ही नको." आणि रडायला लागली. लहानपणी रुसली की रडायची तशी, हुंदका देऊन-देऊन. म्हणाली, "मला आईच्या हातची हळद पाहिजे. तिने नाही लावली तर मी कोणाचीच लावून घेणार नाही. कोरडीच उभी राहीन बोहल्यावर." आणि फोन ठेवला.

खोटं कशाला बोलू, तोंडात मारल्यासारखं झालं. ही पोर माझ्या कडेवर वाढली. तिच्या लग्नात काय नेसायचं हे मी ती दहावीत असताना ठरवलं होतं. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही, हारात दोन रंगांची फुलं उलटसुलट ओवली गेली, ते परत सोडवत बसले. पण सांगितल्याचा पस्तावा नाही. पोरगी बरोबर बोलली.

तुझ्या भाऊजींनाही सांगितलं. ते पेपर बाजूला ठेवून उठले आणि मळ्यात निघून गेले. अजून बोललेले नाहीत. बोलतील तेव्हा बोलतील.

सासूबाईंकडे गेले. पायाशी बसले. म्हटलं, "मी त्या दिवशी बोलले ते तुम्हालाही लागलं असेल." त्या म्हणाल्या, "आत्ता आठवलं व्हय तुला?" एवढंच. मग मी विचारलं, "निकिताच्या हळदीला जाणार का?" तर म्हणाल्या, "मनीषा हळद लावणार आसंल तर मी येते. गुडघ्यांचं काय घेऊन बसलीस, उचलून न्या मला. तिच्यामागून मीबी लावीन. नातीच्या गालाला हात लावायला मला कोन अडवतंय ते बघते."

त्या खरंच लावतील. लगेच ट्रंकेतून लुगडं काढायला लावलं.

आता मनीषा, मी तुला ओळखते. तू पळवाट काढशील. वहिनींना पुढे करशील, शेजारच्या बायका गोळा करशील, ऐन वेळेला चुलीपाशी काहीतरी काम काढून आत जाशील. काही उपयोग होणार नाही. पोरगी पाटावर बसून तुझीच वाट बघत बसेल, हट्टाला ती तुझ्यासारखी आहे. आणि मी तिथे नसेन. म्हणजे "ताई मोठ्या आहेत, ताईंनी लावावी" हेही तुला म्हणता यायचं नाही. ती एक सोय मी मोडून ठेवलीय. माझ्या हातून तुझ्यासाठी एवढंच होण्यासारखं होतं.

तुझ्या हाताने कधीच काही बिघडलं नव्हतं. त्या हाताने माझं पोर वाढलं, ते कामावर जातंय, संसार करतंय. बिघडलं ते माझ्या तोंडाने.

बायका बघतील. कुजबुजतील. कोणीतरी माझ्यासारखी असेलच तिथे. तुझा हात थरथरेल, मला माहीत आहे.

थरथरला तरी लाव.

लग्नात जिची वाट बघू नये, अशी
तुझी थोरली जाऊ
छाया